हिशेब कोण करतंय?

मुंबई-पुणे सायकल शर्यत ज्यांनी जुन्या हमरस्त्याच्या कडेला उभं राहून पाहिली आहे, त्यांना ‘घाटाचा राजा’ ठाऊक असतो. खोपोलीहून बोरघाट चढून जो पहिला वर येतो, त्याचा हा किताब. लहानपणी आम्ही आकुर्डीला रस्त्यावर ताटकळत असायचो. समोरून घोळका यायचा आणि राजा त्यात मधेच कुठेतरी दिसायचा. मला ती फसवणूक वाटायची. घाटानंतर पुण्यापर्यंत 60-65 किलोमीटर उरतात आणि दमलेल्या एकट्याला मागचे दहाजण मिळून गाठतात, हे कळायला मला भोसरीत नोकरीला लागावं लागलं.

अब्बांची जुनी सायकल घेऊन मी कारखान्यात जायचो. पाळी सुटली की निगडीकडे जाणारे आम्ही सात-आठ जण टेल्को रोडनं एकत्र निघायचो. जून-जुलैत पश्चिमेचा वारा छातीवर यायचा. वेगात जाताना पायांचा बहुतेक जोर हवा कापण्यातच जातो, म्हणून एकानं पुढे राहायचं, बाकीच्यांनी त्याच्या आडोशाला, आणि थोड्या वेळानं पाळी बदलायची. व्यावसायिक सायकलपटूंचे संघ हेच करतात, हे आम्हाला माहीत नव्हतं. घोळक्यात पाय हलके होतात. डोकंही हलकं होतं, हे मात्र उशिरा लक्षात आलं.

2002 साली आमच्या कंपनीत स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. आठवड्याभरात आमच्या शॉपमधल्या बहुतेकांनी सह्या केल्या. मीही केली. सगळे घेताहेत, म्हणजे कुणीतरी नीट विचार केलाच असणार! आमच्या घोळक्यातले एक टर्नर होते, त्यांना सगळे मामा म्हणत. ते कॅंटीनमध्ये एका कागदावर आकडे मांडत बसले. हातात येणारी रक्कम, तिचं व्याज, महिन्याचा पगार, फंड, आणि थोरल्या मुलीच्या डिप्लोमाची वर्षं. त्यांनी सही केली नाही. लोकांनी त्यांना भित्रा म्हटलं. त्या लोकांत मीही होतो. पुढे चार वर्षांनी कंपनी बंद पडली ती पडलीच. पण मुलगी तोवर डिप्लोमा होऊन नोकरीला लागली होती आणि मामांना तेवढंच हवं होतं. माझे पैसे घराच्या डागडुजीत आणि एका लग्नात संपले. मी चाकणला कंत्राटी कामगार म्हणून बसनं जाऊ लागलो.

हे सगळं पुन्हा आठवलं 25 जुलै 2021 च्या रविवारी. टोकियो ऑलिंपिकमध्ये महिलांची 137 किलोमीटरची रस्त्यावरची शर्यत होती. ऑस्ट्रियाची अ‍ॅना किसेनहोफर ही गणितात डॉक्टरेट केलेली बाई. तिच्याकडे व्यावसायिक संघ नव्हता, प्रशिक्षक नव्हता. सरावाची आखणी तिची तिनंच केलेली. सुरुवातीलाच ती काही जणींबरोबर पुढे निघाली आणि 41 किलोमीटर उरले असताना त्यांनाही सोडून एकटी गेली. मागे नेदरलँड्सच्या चौघी, जगातल्या अव्वल. ऑलिंपिकमध्ये कानात रेडिओ लावायला परवानगी नसते. पुढच्या दोघींना त्यांनी शेवटी गाठलं आणि रस्ता मोकळा झाला असं समजल्या. त्यांच्यातली अ‍ॅनेमिक व्हान व्ल्यूटेन दोन्ही हात उंचावून रेषेपार आली, तेव्हा किसेनहोफर पोहोचून सव्वा मिनिट झालं होतं.

त्या बाईचं धाडस मोठं, यात शंका नाही. पण घोळक्यातून सुटणारे पुष्कळ असतात आणि बहुतेक पकडले जातात. घाटाच्या राजाला विचारा. मला राहून राहून वाटतं ते त्या चौघींबद्दल. एकटी असती तर त्यांतल्या प्रत्येकीनं पुढे कितीजणी आहेत हे बोटावर मोजलं असतं.

संध्याकाळी मी मामांकडे गेलो. आता वय झालंय, पण सायकल अजून दारात आहे. सगळी हकिगत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, “शेख, तू सही केलीस तेव्हा हिशेब कोण करत होतं रे?”

“मला वाटलं, युनियनवाले करताहेत.”

मामा हसले. “आणि त्यांना वाटलं असेल, हा बी.ए. झालेला आहे, हा करत असेल.”