सोफ्याभोवतीचे कप्पे

दिवाणखाना लहान असला, तरी सोफ्याभोवतीची भिंत बहुधा रिकामीच असते. तिथे दोन्ही बाजूंना उभे कप्पे आणि वर आडवी फळी बसवता येते. पुस्तकांसाठी १० इंच खोली पुरते. १८ मिलिमीटर प्लायवूडची फळी अडीच फुटांहून लांब असेल, तर मधे आधार द्या. नाहीतर ती वजनाने वाकते. वरची फळी उठताना डोक्याला लागणार नाही, इतकी उंच हवी. उभे कप्पे भिंतीला स्क्रूने पक्के करा, म्हणजे मुलांनी ओढले तरी कलंडणार नाहीत. बाहेरची भिंत पावसाळ्यात ओल धरते. तिथे मागे पट्ट्या लावून बोटभर फट ठेवा. आणि हो, विजेचे प्लग कप्प्यांआड जाऊ देऊ नका!