नाका उठला, पुढे काय?



आफ्रिका खंडातील मुक्त व्यापारावर कारंज्यात व्याख्यान कशाला, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. पण सीमेने माल अडला की काय होते, हे वऱ्हाडच्या शेतकऱ्याला कोणी शिकवावयास नको. १९७२ साली महाराष्ट्रात एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली. शेतकऱ्यास हमीचा भाव मिळावा, हा तिचा हेतू चांगलाच होता. पण कापूस राज्याबाहेर नेण्यास बंदी आली. आणि शेजारच्या आदिलाबादेत भाव चढला की इकडचा शेतकरी स्वतःच पिकविलेला कापूस चोरट्या वाटेने तिकडे नेऊ लागला. पुढे ती बंदी गेली, आठवण राहिली.

आफ्रिकेत पन्नासांहून अधिक देश आहेत आणि प्रत्येकाच्या वेशीवर नाका आहे. परक्या सत्ताधीशांनी तेथे सीमा आखल्या आणि रेल्वे बांधली, ती बहुधा खाणीपासून किंवा मळ्यापासून बंदरापर्यंत. आपली मूर्तिजापूर-यवतमाळ शकुंतला कापूस मुंबईच्या वाटेला लावण्यासाठीच आली होती, तसेच हे. परिणाम असा, की आफ्रिकी देशांचा आपसातला व्यापार आजही एकूण व्यापाराच्या शेकडा पंधराच्या आसपास आहे. बेनिन, माली, बुर्किना फासो कापूस पिकवितात. पण त्यांची बहुतेक रुई परदेशी जाते.

ही कोंडी फोडण्यासाठी २१ मार्च २०१८ रोजी किगाली येथे ४४ देशांनी मुक्त व्यापाराच्या करारावर सह्या केल्या. १ जानेवारी २०२१ पासून त्याखाली व्यापार सुरू झाला. शेकडा ९० प्रकारच्या मालावरील जकात टप्प्याटप्प्याने उठवावयाची आहे.

एवढ्याने भागेल काय? केनिया, युगांडा आणि टांझानिया यांनी १९६७ साली पूर्व आफ्रिकी समुदाय स्थापिला. १९७७ साली तो मोडला. राज्यकर्त्यांचे वैमनस्य होतेच, पण लाभ केनियाच्याच पदरात अधिक पडतो, ही इतरांची तक्रारही होती. २००० साली तो पुन्हा उभा राहिला. लाभाची वाटणी नीट नसेल, तर उठलेला नाका परत येतो, हाच याचा अर्थ.

येथे कारंज्याचा दाखला उपयोगी पडतो. १८८६ साली याच गावी देशातील पहिली नियंत्रित कापूस बाजारपेठ स्थापन झाली. तिच्यामागे मँचेस्टरच्या गिरण्यांची गरज होती, हे खरे. तरीही बाजार खुला हवा आणि त्याला नियमही हवेत, हा विचार तिच्यातून रुजला. ज्याचा काटा त्याचेच राज्य असेल, तर खुल्या बाजारात लहान माणूस लुबाडलाच जातो.

आफ्रिकेच्या सीमांवर डोक्यावर गाठोडे घेऊन ये-जा करणारे हजारो लहान व्यापारी आहेत. त्यांत बायाच पुष्कळ. जकात किती हे तिला आधी कळते काय, चिरीमिरी न देता तिला पलीकडे जाता येते काय, तक्रार केल्यास कोणी ऐकतो काय, हे पाहूनच त्या कराराचे मोल ठरवावे, एवढेच माझे आपणांस सांगणे आहे.