ताटाचा हिशेब



कामगाराच्या पोटाला पुरेसे मिळावे म्हणून आम्ही जन्मभर भांडलो. आज तेच आम्ही ‘ताटात बेताने घ्या’ म्हणतो, म्हणून आम्ही पक्ष बदलला असे कोणी समजू नये. कामगाराचे वजन वाढते ते श्रीमंतीने नव्हे. जेवणाची वेळ मोडते आणि वडापाव व गोड चहा तेवढे हाताशी राहतात, त्याचे ते फळ आहे.

भूक निराळी, हाव निराळी. भूक भाकरी-आमटीवर शमते. हावेला जिलबीच लागते. हाव अकस्मात येते आणि दहा-पंधरा मिनिटे मन कामात घातले, तर बहुधा ओसरते. उपाशी राहून मात्र ती जिंकता येत नाही. रात्री व्याजासह वसूल होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सुचविले की, वरची साखर दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमांच्या, म्हणजे सहा चमच्यांच्या आत असावी. दोन-दोन चमच्यांचे पाच चहा झाले की दहा चमचे होतात! चहा सोडू नका, चमचा एक करा. अर्धे ताट भाजी-कोशिंबिरीला द्या.

पण सगळा भार एकट्याच्या मनोनिग्रहावर टाकणे अन्यायाचे आहे. रातपाळीने झोप मोडते, तशी खा-खा वाढते. १९४८ च्या कारखाना कायद्याने अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यांसाठी उपाहारगृहाची तरतूद केली आणि त्याच्या व्यवस्थापनात कामगारांनाही स्थान दिले. तेथे भज्यांच्या शेजारी उसळ आणि काकडी असावी, हीही पगारवाढीइतकीच रास्त मागणी आहे. ती आपणच मांडली पाहिजे.