गुन्हेगारांची नोंदवही आणि आपली जबाबदारी

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)





मेळाव्यात शिक्षकाने निकालावर, शिष्यवृत्तीवर किंवा शिस्तीवर बोलावे अशी आपली अपेक्षा असते. आज मी जरा अवघड विषय घेतला आहे. मागच्या पालकसभेत एका भाभींनी मला विचारले, "सर, मोबाईलवर सातबारा दिसतो, रेशनकार्ड दिसते, गाडीचा दंडसुद्धा दिसतो. मग लहान मुलांवर अत्याचार केलेली माणसे आपल्या आजूबाजूला कोण आहेत, त्यांची यादी का दिसत नाही? परदेशात दिसते म्हणतात." त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. नंतर मी कायद्याची पुस्तके चाळली, वकील मित्रांना विचारले. जे समजले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम परदेशाचे पाहू. भाभींनी ऐकले ते खरे आहे. अमेरिकेत अशा गुन्ह्यात शिक्षा झालेल्या माणसाला सुटल्यावर पोलिसांकडे स्वतः जाऊन आपले नाव, पत्ता, नोकरीचे ठिकाण नोंदवावे लागते. घर बदलले तर पुन्हा नोंद करावी लागते. कॅलिफोर्निया राज्यात अशी नोंद १९४७ पासून आहे. १९९४ मध्ये तेथील केंद्रीय कायद्याने सर्व राज्यांना नोंदवही ठेवायला लावली आणि १९९६ च्या 'मेगन कायद्या'ने ती माहिती लोकांना खुली केली. आज तेथे कोणीही नाव किंवा भागाचा पिनकोड घालून शोध घेऊ शकतो. इंग्लंडने १९९७ मध्ये नोंदणीचा कायदा केला, पण यादी पोलिसांपुरतीच ठेवली. आपल्या मुलाच्या सहवासात येणाऱ्या एखाद्या माणसाविषयी पालकाला शंका असेल, तर तो पोलिसांकडे अर्ज करतो. पोलीस चौकशी करतात आणि धोका दिसला तर त्या पालकाला विश्वासात घेऊन सांगतात. म्हणजे एका देशाने यादी चव्हाट्यावर लावली, तर दुसऱ्याने ती कपाटात ठेवून गरजवंताला दाखवायची पद्धत ठेवली.

आता आपल्या देशाचे. भारतातही अशी सूची आहे, हे पुष्कळांना ठाऊक नाही. २० सप्टेंबर २०१८ रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाने लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय माहितीसूची सुरू केली. दिल्लीचा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग ती सांभाळतो. बलात्कार, सामूहिक बलात्कार, छेडछाड आणि बालकांवरील अत्याचार या गुन्ह्यांची माहिती २००५ पासूनची तीत भरण्यास राज्यांच्या पोलिसांना सांगण्यात आले. सुरुवातीलाच तीत ४ लाख ४० हजार नोंदी होत्या. नाव, पत्ता, छायाचित्र आणि बोटांचे ठसे एवढी माहिती तीत असते. परंतु ही सूची फक्त पोलीस व तपास यंत्रणेला पाहता येते. आपल्याला नाही, मला नाही, मुख्याध्यापकांनाही नाही. आणि अमेरिकेप्रमाणे सुटलेला माणूस स्वतः जाऊन नाव नोंदवतो असेही येथे नाही. ही माहिती पोलीसच भरतात. महाराष्ट्रात २०२० च्या 'शक्ती' विधेयकांत अशा गुन्हेगारांच्या वेगळ्या नोंदवहीची कल्पना होती, पण ती विधेयके अंमलात आली नाहीत.

कोणी म्हणेल, पोलिसांच्या संकेतस्थळावर एफआयआर दिसतात, तेथे शोधू. तेथेही दिसणार नाही. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एफआयआर चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकण्याचा आदेश दिला, त्याच आदेशात लैंगिक गुन्ह्यांसारखे नाजूक एफआयआर वगळले. न्यायालयाच्या संकेतस्थळावर नाव घालून खटले शोधता येतात हे खरे. परंतु खटला चालू असणे म्हणजे गुन्हा सिद्ध होणे नव्हे, आणि एकाच नावाची दहा माणसे एका तालुक्यात सापडतात. आपल्या समाजात तर शेख, पठाण, सय्यद किती घरे आहेत ते मोजून पाहा.

मग यादी खुली का करू नये? याचे उत्तर आपल्याच जिल्ह्याच्या आणि सोलापूरच्या इतिहासात आहे. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यालाही लागू केला. पारधी, कैकाडी, भामटा अशा जमातींच्या माणसांची नावे नोंदवहीत लिहिली जात, बोटांचे ठसे घेतले जात, हजेरी द्यावी लागे. सोलापुरात तर तारेच्या कुंपणाची वसाहतच होती. त्या वहीत नाव यायला गुन्हा करावा लागत नसे, त्या घरात जन्म घेणे पुरे होते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. वही मिटली, पण लोकांच्या मनातली वही मिटली नाही. बारामती-इंदापूरकडच्या पारधी वस्तीतल्या मुलाला विचारा, गावात चोरी झाली की पहिली गाडी कोणाच्या पालावर येते.

दुसरे उदाहरण ताजे आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या मोबाईलवरील अफवेने जमावाने पाच माणसांना ठार मारले. ते भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, मंगळवेढ्याकडचे होते. त्यांनी कोणाचे मूल पळवले नव्हते. संतापलेल्या जमावाच्या हाती यादी पडली म्हणजे नाव, छायाचित्र पडताळून पाहायला कोण थांबतो? आणि कोणत्या आडनावावर बोट आधी ठेवले जाते, हे या सभागृहात मी सांगायची गरज नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे सांगतात की अशा गुन्ह्यांत दहापैकी नऊहून अधिक वेळा आरोपी ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, घरी येणारा-जाणारा, शिकवणारा. आपण एमआयडीसीत आलेल्या परप्रांतीय कामगाराकडे, कारखान्यावर आलेल्या ऊसतोडीच्या टोळीकडे संशयाने पाहतो आणि ज्याला मूल 'मामू' किंवा 'चाचा' म्हणते त्याच्याबरोबर त्याला निर्धास्त पाठवतो. यादी कितीही मोठी असली तरी या चाचाचे नाव तीत नसते. का नसते, ते माझ्या एका चुकीवरून सांगतो.

काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या गावी एका शाळेत होतो. माझ्या वर्गात सहावीतला एक मुलगा होता. हुशार, अक्षर वळणदार, गणितात पहिला. अचानक तो गैरहजर राहू लागला. आला तरी मागच्या बाकावर बसे. मी त्याला दोनदा रागावलो. तिमाहीच्या प्रगतिपत्रकावर मी माझ्या हाताने लिहिले, "अनियमित. अभ्यासाकडे दुर्लक्ष." पुढे ते कुटुंब गाव सोडून गेले. नंतर मला कळले की संध्याकाळच्या शिकवणीला तो ज्यांच्या घरी जात होता, त्या परिचित गृहस्थाने त्याच्याशी वाईट वर्तन केले होते. मुलाने अम्मीला सांगितले होते. वडीलधारी मंडळी बसली. मुलाचे पुढे कसे होईल, घरात बहिणी आहेत, लोक काय म्हणतील, असा विचार करून प्रकरण मिटवले. तो गृहस्थ दुसऱ्या गावी गेला. तेथेही तो शिकवण्या घेत असेल.

भगिनींनो आणि बंधूंनो, त्या माणसाचे नाव देशातल्या कोणत्याही सूचीत नाही. कारण ते आम्ही लिहूच दिले नाही. कळल्यावर मीही पोलिसांत गेलो नाही. 'आता काय उपयोग' असे मनाला समजावले. कायद्याने ते माझे कर्तव्य होते आणि मी ते पाळले नाही. प्रगतिपत्रकावरची ती ओळ मला आजही दिसते.

म्हणून भाभींना माझे आजचे उत्तर असे. यादी दिल्लीत सुरू होत नाही, ती आपल्या उंबऱ्यावर सुरू होते. तक्रार झाली तर गुन्हा नोंदला जातो, तपास होतो, शिक्षा होते आणि मगच नाव सूचीत चढते. पहिली पायरी आपण चढलो नाही तर पुढच्या सगळ्या पायऱ्या रिकाम्या राहतात.

ही पायरी कशी चढायची? बालकांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणारा कायदा, ज्याला आपण पोक्सो म्हणतो, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. अठरा वर्षांखालील मुलगी आणि मुलगा, दोघांनाही तो लागू आहे. मुलाचे काय बिघडते, हा समज सोडून द्या. गुन्हा कळला तर कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत आणि आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. सद्भावनेने कळवणाऱ्यावर मात्र कारवाई होत नाही. जवळच्या ठाण्यात जा. बारामती शहर, बारामती तालुका, वडगाव निंबाळकर, इंदापूर, भिगवण, वालचंदनगर, कोठेही. हद्द आमची नाही असे सांगून परत पाठवता येत नाही. जायचे धैर्य होत नसेल तर १०९८ किंवा ११२ क्रमांक फिरवा.

मुलाला ठाण्यात ताटकळत बसवतील ही भीती असते. कायदा सांगतो की जबाब मुलाच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता, आई-वडील किंवा मुलाच्या विश्वासाच्या माणसासमोर घ्यावा. रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. साक्षीच्या वेळी त्याला आरोपीसमोर उभे करायचे नाही. मुलाचे नाव, शाळा, छायाचित्र छापणे हाही गुन्हा आहे. म्हणजे ज्या बदनामीच्या भीतीने आपण गप्प बसतो, तिच्यावर कायद्याने आधीच पडदा घातला आहे. २०१३ पासून राज्यात मनोधैर्य योजना आहे. तिच्यातून पीडित मुलांना आर्थिक साहाय्य मिळते. विधी सेवा प्राधिकरणाकडे त्याची चौकशी करावी.

आता संस्थेविषयी, म्हणजे आपल्या स्वतःविषयी. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचाराची घटना उघडकीस आली. आरोप होता शाळेतल्याच कंत्राटी सफाई कामगारावर. सारा महाराष्ट्र हादरला. पण २०२० चे पोक्सो नियम त्याआधीच सांगत होते की मुलांशी नित्य संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेने शिक्षक, शिपाई, कायम, कंत्राटी, सर्वांची पोलीस पडताळणी ठराविक काळाने करून घ्यावी. पालकांना यादी पाहता येत नाही, पण संस्थेला पोलिसांकडून पडताळणी करून घेता येते. खिडकी बंद आहे, दार उघडे आहे. मात्र पडताळणीत पोलिसांकडे जे नोंदलेले आहे तेच कळते, म्हणून दाखल्यावर विसंबून डोळे मिटू नयेत. हा नियम फक्त मोठ्या शाळांसाठी आहे असे मानू नका. वसतिगृह, मदरसा, शिकवणी, खेळाचे शिबिर, मुलांना ने-आण करणारी गाडी, सगळीकडे तो विचार हवा. पडताळणी मागणे म्हणजे कोणावर आळ घेणे नव्हे. सर्वांत आधी माझी करावी, अशी विनंती मी संस्थेला लेखी दिली आहे. हाफिजसाहेबांनी आणि गाडीवाल्या भाईंनीही आनंदाने द्यावी. प्रामाणिक माणसाचा त्यात मानच आहे. शाळाशाळांत सखी-सावित्री समिती असावी असा शासनाचा आदेश २०२२ चा आहे. ती समिती नुसती फलकावर न राहता तिच्या बैठका व्हाव्यात आणि तीत पालकांनी बसावे.

मित्रहो, तुम्हांलाही दोन शब्द. कोणी तुमच्या अंगाला नको तसा हात लावला, नको ते दाखवले, 'घरी सांगू नकोस' म्हणाला, तर पहिले काम घरी सांगण्याचे करा. घरी कोणी ऐकले नाही तर मॅडमना, सरांना सांगा. एकाने ऐकले नाही तर दुसऱ्याला सांगा. चूक तुमची नसते. आणि मोठ्या वर्गातील मुलांनो, वर्गातल्या मुलीचे छायाचित्र गटात फिरवणे ही थट्टा नव्हे. त्यातूनही गुन्हा दाखल होतो.

पालकांना एकच मागणे. मूल सांगत असेल तेव्हा त्याला मध्येच थांबवू नका, 'ते तसे नाहीत' म्हणू नका. आधी ऐका, जवळ घ्या, मग पुढचे ठरवा. आणि मूल काही सांगत नसेल, पण गप्प राहत असेल, शाळेत जायला किंवा ठराविक घरी जायला नको म्हणत असेल, तर आमच्याकडे या. प्रगतिपत्रकावर 'अनियमित' लिहिण्यापूर्वी मी आता घरी जाऊन विचारतो. तुम्हीही आम्हांला विचारत जा.

अल्लाह आपल्या सर्वांच्या मुलांना सुरक्षित ठेवो आणि आपल्याला खरे बोलण्याची हिंमत देवो. 

खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.