सोनोग्राफीवर पहारा बसला, तपासणीचे काय?

(परळी वैजनाथ येथे कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



परळीत सोनोग्राफी हा शब्द उच्चारला की २०१२ साल आठवते. त्या वर्षी येथील एका खासगी रुग्णालयात बेकायदा गर्भपातात एका स्त्रीचा बळी गेला आणि गर्भलिंगनिदानाचा बाजार देशापुढे उघडा पडला. संबंधित डॉक्टर दाम्पत्याला २०१९ मध्ये सक्तमजुरीची शिक्षा झाली. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे मुली होत्या अवघ्या ८०७. दहा वर्षांपूर्वी ८९४ होत्या. तेव्हा या यंत्रावर कायद्याचा पहारा हवाच. महाराष्ट्राने असा कायदा केंद्राच्या सहा वर्षे आधी, १९८८ सालीच केला होता.

परंतु याच यंत्राला गर्भाचे हृदयही दिसते, याचा आपल्या चळवळीला विसर पडला आहे. हजार नवजात बालकांत साधारण आठ-नऊंच्या हृदयात जन्मजात दोष असतो. त्यांतील काहींचा दोष जीवघेणा. महारोहिणी आणि फुफ्फुसाकडे जाणारी रोहिणी यांच्या जागांची अदलाबदल, हा त्यांतलाच एक. गर्भात असताना एक लहानशी वाहिनी अशा बालकाला तारून नेते. जन्मानंतर ती मिटू लागते आणि सुदृढ दिसणारे मूल निळे पडते. प्रोस्टाग्लँडिन हे औषध शिरेतून देऊन ती वाहिनी उघडी ठेवता येते, पुढे शस्त्रक्रियेने दोषही दुरुस्त होतो. मात्र प्रसूती कोठे व्हावी, हे आधी ठरलेले असले पाहिजे. त्यासाठी अठरा ते बावीस आठवड्यांच्या दरम्यान हृदयाचे चारही कप्पे आणि त्यांतून निघणाऱ्या मोठ्या वाहिन्या जाणत्या डोळ्यांनी पाहाव्या लागतात. नुसते कप्पे पाहिले तर ही अदलाबदल सहज निसटते.

आता ऊसतोडीच्या कोयत्यावर जाणाऱ्या स्त्रीचा हिशेब मांडा. दिवाळीच्या सुमारास दोन महिन्यांची गर्भवती असताना ती गाव सोडते. तपासणीचे आठवडे येतात ते जानेवारीच्या सुमारास, सांगली-कोल्हापूरकडच्या फडात. अंगावर उचल आहे. एक दिवस कामावर गेली नाही तर मुकादम खाडा लावतो. गावच्या आशाताईंच्या वहीत तिचे नाव असते, फडाजवळच्या आरोग्यकेंद्राच्या वहीत नसते. खासगी सोनोग्राफीचे पैसे तिने कोठून आणावेत? बाजार गिऱ्हाइकाची ऐपत पाहतो, गरज पाहत नाही. गर्भलिंग चोरून सांगणारा धंदा म्हणूनच खेड्यापर्यंत पोहोचला, हृदय पाहणारा तज्ज्ञ पोहोचला नाही.

दोष दिसला की गर्भपातच, असा समज करून देणाऱ्यांपासूनही सावध राहावे. २०२१ च्या दुरुस्तीनुसार गर्भात गंभीर विकृती असल्यास चोवीस आठवड्यांनंतरही वैद्यकीय मंडळाच्या संमतीने गर्भपात करता येतो. तो निर्णय त्या स्त्रीचा. पण दुरुस्त होणारा दोष कोणता, हे तिला समजेल अशा मराठीत सांगणारे कोणी हवे.

शासनाचा बालआरोग्य कार्यक्रम २०१३ पासून जन्मलेल्या मुलांचे हृदयविकार शोधतो. ते चांगलेच आहे. फक्त पहिल्या आठवड्यात दगावणारे मूल त्या पथकापुढे कधी येत नाही.

अंबाजोगाईचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय परळीहून जेमतेम पंचवीस किलोमीटरवर आहे. तेथे प्रत्येक गर्भवतीची ही तपासणी विनामूल्य आणि योग्य आठवड्यांत झाली पाहिजे, अशी मागणी येथील कार्यकर्त्यांनी लावून धरावी. जी स्त्री फडात असेल तिची तपासणी कारखान्याच्या खर्चाने जवळच्या सरकारी रुग्णालयात व्हावी, आणि त्या दिवशी खाडा न लावता पूर्ण मजुरी द्यावी, हे पुढच्या हंगामाच्या करारात लिहून घ्यावे.