नोंदीचा क्रमांक काय काय सांगतो?



डेटाबेसमध्ये नोंद करायची तर तिला क्रमांक हवा. सगळ्यात सोपी रीत म्हणजे एक, दोन, तीन असं मोजत जाणं. यात दोन अडचणी आहेत. मोजणारा एकच लागतो, आणि क्रमांक पाहणाऱ्याला आपला हिशेब कळतो. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या संख्याशास्त्रज्ञांनी हाती लागलेल्या जर्मन रणगाड्यांच्या अनुक्रमांकांवरून उत्पादनाचा अंदाज बांधला. ऑगस्ट १९४२ साठी त्यांचा आकडा होता ३२७, हेरांचा १,५५०. युद्धानंतर जर्मन दप्तरात सापडले ३४२! आज एखाद्या दुकानाला लागोपाठच्या दोन सोमवारी एकेक ऑर्डर द्या. पावत्यांवरच्या क्रमांकांची वजाबाकी केली की दुकानाचा आठवड्याचा धंदा कळतो.

म्हणून लोक यूयूआयडी या १२८ बिटांच्या क्रमांकाकडे वळले. त्याच्या चौथ्या आवृत्तीत १२८ पैकी १२२ बिट निव्वळ रँडम असतात. कुठल्याही सर्व्हरनं कुणालाही न विचारता क्रमांक काढावा. दोन सारखे निघण्याची भीती व्यवहारात नाही.

पण याची किंमत डिस्कवर मोजावी लागते. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या इनोडीबी या साठवण-यंत्रणेत अख्खं टेबल प्रायमरी कीच्या, म्हणजे नोंदीच्या या क्रमांकाच्या, क्रमानं, १६ केबीच्या पानांत मांडलेलं असतं. कचेरीतली आवक नोंदवही आठवा. शेवटच्या ओळीखाली लिहीत गेलो तर काम झरझर होतं. प्रत्येक नवी नोंद मधल्याच कुठल्या तरी भरलेल्या पानात घुसवायची म्हटलं, तर ते पान फाडून दोन करावी लागतात. डेटाबेस नेमकं हेच करतो. नोंदी क्रमानं आल्या तर पानं पंधरा-सोळांश भरतात. वाटेल तशा आल्या तर काही निम्मीच भरलेली राहतात. शिवाय पुढची नोंद कुठल्या पानात जाईल याचा नेम नसल्यानं सगळीच पानं मेमरीत हवीत. त्यात कोणी यूयूआयडी १६ बाइटऐवजी ३६ अक्षरांचा मजकूर म्हणून साठवला, तर प्रत्येक दुय्यम इंडेक्समध्ये तेच ओझं पुन्हा वाहिलं जातं.

यावरचा तोडगा असा, की क्रमांकाच्या आरंभी वेळ घालायची. २०१० मध्ये ट्विटरनं स्नोफ्लेक ही क्रमांक देण्याची पद्धत आणली. त्यात ६४ बिटांपैकी ४१ वेळेला, १० यंत्राला आणि १२ त्या मिलिसेकंदातल्या अनुक्रमाला दिले. म्हणजे एक यंत्र मिलिसेकंदाला ४,०९६ क्रमांक देऊ शकतं. मात्र जावास्क्रिप्टला ५३ बिटांपलीकडचे पूर्णांक नेमके धरता येत नाहीत, म्हणून ट्विटरला तोच क्रमांक मजकूर म्हणूनही पाठवावा लागला. मे २०२४ मध्ये यूयूआयडीची सातवी आवृत्ती प्रमाणित झाली: आधी ४८ बिट वेळ, मग आवृत्तीच्या खुणा वगळता ७४ बिट रँडम. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या १८व्या आवृत्तीत ती बनवायची सोय अंगचीच आहे.

आता या क्रमांकातून काय बाहेर पडतं ते पाहा. स्नोफ्लेकच्या क्रमांकाला ४१,९४,३०४ नं भागा, भागाकाराच्या पूर्णांकात १२८८८३४९७४६५७ मिळवा. १ जानेवारी १९७० पासून ट्वीटच्या क्षणापर्यंतचे मिलिसेकंद हातात येतात. सातव्या आवृत्तीचा २०२५ मधला कुठलाही यूयूआयडी घ्या, तो ०१९ नंच सुरू होतो. किती नोंदी झाल्या हे झाकलं, पण केव्हा झाल्या हे उघडं पडलं. चपलांच्या ऑर्डरीत त्यानं काही बिघडत नाही. रुग्णाची नोंद किंवा निनावी तक्रार असेल, तर बिघडतं.

तेव्हा माझं म्हणणं असं. नवं टेबल असेल तर आतल्या कामासाठी बेलाशक सातवी आवृत्ती घ्या आणि १६ बाइटमध्येच साठवा. निर्मितीची वेळ नाजूक असेल, तर बाहेर दाखवायला चौथ्या आवृत्तीचा वेगळा क्रमांक ठेवा. क्रमांकाला कुलूप समजू नका. लिंक माहीत आहे म्हणून कुणाला आत सोडायचं नसतं, परवानगी स्वतंत्रपणे तपासायची असते. आणि क्रमांकावरून कोण आधी, कोण नंतर याचा निवाडा करू नका. दोन सर्व्हरची घड्याळं जुळतातच असं नाही, एखादं मागेही सारलं जातं. हिशेबाला तारीख-वेळेचा स्वतंत्र रकाना हवाच.

हे सगळं पहिल्याच दिवशी ठरवा. क्रमांक एकदा दुसऱ्या टेबलांत, ग्राहकांच्या ईमेलमध्ये आणि भागीदारांच्या फायलींत गेला, की तो बदलणं तुमच्या एकट्याच्या हातात राहत नाही.