थर्मोस्टॅट काढू नये, बदलावा

इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलच्या ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग कूलंटमार्फत बाहेर पडतो. पण इंजिन थंड ठेवणे एवढेच शीतकरण यंत्रणेचे काम नाही. ते योग्य तापमानाला लवकर आणून तिथेच राखणे, हेही तिचेच काम. आणि ते थर्मोस्टॅटवर अवलंबून असते.

बहुतेक जुन्या गाड्यांत रेडिएटरचा वरचा होज पाइप इंजिनाला जिथे जोडलेला असतो, त्या झाकणाखाली थर्मोस्टॅट बसवलेला असतो. त्याच्या धातूच्या कुपीत मेण भरलेले असते. ते वितळताना फुगते, दांडी सरकते आणि झडप उघडते. उघडण्याचे तापमान, उदाहरणार्थ ८२ किंवा ८८ अंश सेल्सिअस, त्यावरच कोरलेले असते.

झडप बंदच राहिली, तर तापमानाचा काटा झपाट्याने चढतो आणि रेडिएटर मात्र गारच लागतो. उघडीच राहिली, तर काटा वर येत नाही, पेट्रोल जास्त लागते आणि झीज वाढते. घाटात गाडी तापली म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची गॅरेजमधली रीत हाच दुसरा दोष कायमचा मागे लावते. शिवाय तापण्याचे खरे कारण, म्हणजे चोंदलेला रेडिएटर, बंद पडलेला पंखा किंवा झिजलेला वॉटर पंप, तसेच राहते.

थर्मोस्टॅट बदलण्याचे काम इंजिन पूर्ण गार झाल्यावरच करावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडल्यास दाबाखालचे पाणी उसळून गंभीर भाजते. कूलंट भांड्यात काढून घ्यावे. ते विषारी आणि चवीला गोड असल्याने जनावरांच्या तोंडी लागू देऊ नये. थर्मोस्टॅटवरच्या झाकणाचे बोल्ट काढून जुने गॅस्केट पूर्ण खरवडावे, पण ॲल्युमिनियमला ओरखडा पडू देऊ नये. नवा थर्मोस्टॅट आधी दोऱ्याने पाण्यात टांगून, पाणी तापवून, थर्मामीटरने तपासावा. बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे आणि हवा सुटण्याचे छोटे छिद्र वर ठेवावे. बोल्ट आळीपाळीने, बेताने आवळावेत.

भरताना बोअरचे पाणी वापरू नये. त्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचा थर गरम भिंतींवर बसतो आणि उष्णता अडवतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर समप्रमाणात घ्यावे. कूलंट गंज रोखते आणि उत्कलनबिंदू वाढवते. वेगवेगळ्या जातींची कूलंट एकत्र करू नयेत. हीटर पूर्ण गरमवर ठेवून, रेडिएटरचे झाकण उघडे असतानाच गार इंजिन सुरू करावे. बुडबुडे थांबेपर्यंत पातळी भरत राहावी, मग झाकण लावावे. वरचा पाइप एकाएकी गरम झाला की झडप उघडली असे समजावे.

पुढे पातळी दरमहा गार इंजिनावर पाहावी. पाइप फुगले, मऊ पडले किंवा तडकले, तर बदलावेत. रेडिएटरच्या झाकणाचे रबर आणि स्प्रिंगही तपासावी, कारण दाब टिकला नाही तर कूलंट लवकर उकळते. जुन्या पद्धतीचे हिरवे कूलंट साधारण दोन वर्षांनी बदलावे.